छत्री बसली, टीव्ही दिसेना

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसावर आणि ज्वारीवर बोलणे झाले. आता जेवणे आटोपली आहेत, डोळे जड झाले आहेत. अशा वेळी आम्ही उभे राहून टीव्हीच्या छत्रीवर बोलणार असे अध्यक्षांनी सांगितले तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली. ती आम्हाला ऐकू आली. हसा. ही छत्री आमच्या घरी बसली नसती तर आम्हीही तुमच्यात बसून हसलो असतो.

शेतकऱ्याला टीव्ही कशाला हवा, असा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी बैठकीत एक आणि झोपायच्या खोलीत एक असे दोन संच असतात, ते सोडा. पण उपग्रहावरून थेट टीव्ही ही गोष्ट आपल्या देशात आली तीच मुळी खेड्यासाठी. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखवण्यात आले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो, आणि आपल्या बाजूने तो पार पाडला इस्रोने. गावच्या शाळेवर किंवा पंचायतीवर तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री, आत एक संच, समोर सगळे गाव. महाराष्ट्राचा नंबर त्यात लागला नाही. कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते, म्हणजे आपल्यासारखाच ज्वारीचा आणि काळ्या मातीचा मुलूख. आपल्या शिवेपर्यंत येऊन गाडी थांबली.

त्या प्रयोगातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. छत्री बसवण्याबरोबर, संच बिघडला तर दुरुस्तीला कोण जाणार याचाही विचार त्या लोकांनी आधीच करून ठेवला होता.

मधल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. १९९७ साली सरकारने अधिसूचना काढून घरच्या छत्रीवर थेट कार्यक्रम घ्यायला बंदी घातली. आभाळातून फुकट पडणारी गोष्ट आपल्या अंगणात झेलायला मनाई! नोव्हेंबर २००० मध्ये धोरण बदलले, २००३ साली पहिली खाजगी सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची स्वतःची, महिन्याचे पैसे न घेणारी सेवा आली. तिलाच आज डीडी फ्री डिश म्हणतात. आमच्या गावात तोवर एक केबलवाला होता. केबल डिजिटल करण्याचा सरकारी कार्यक्रम खेड्यापर्यंत पोचला, ३१ मार्च २०१७ ही शेवटची तारीख ठरली, आणि शे-सव्वाशे घरांच्या जिवावर नवी यंत्रे घेणे त्याला परवडेना. त्याने तारा गुंडाळल्या. त्यानंतर आमच्या घरचा टीव्ही तीन वर्षे ओढणीखाली झाकून होता.

'ग्राहक घरी उपलब्ध नव्हते'

२०२० च्या फेब्रुवारीत कापसाचे चुकारे हाती आले. आमच्या मायचे वय तेव्हा ८० च्या पुढे. चाळीस वर्षे तिने आषाढी चुकवली नव्हती. गुडघे गेले तसे पंढरपूर सुटले, मग आषाढीच्या पहाटे शेजारच्या घरी जाऊन ती टीव्हीवर महापूजा पाहायची. नात चौथीत जाणार होती. घरात सगळ्यांचे मत पडले की या वर्षी छत्री घेऊन टाकू. कोणत्या कंपनीची घेतली ते नाव इथे घेत नाही. तुमच्या घरी जी असेल तीच समजा, गोष्ट फारशी बदलणार नाही.

फोनवर पैसे भरले. ४८ तासांत माणूस येईल असे सांगितले. त्या दिवशी फरदडीची वेचणी चालू होती, बाया लावलेल्या होत्या. माणूस येणार म्हणून आम्ही आणि मुलगा दोघेही वावरात गेलो नाही. सूनबाईने दोनदा चहा मांडला, दोनदा उतरवला. सहा वाजता मोबाइलवर इंग्रजीत संदेश आला. शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतला. 'आमचा प्रतिनिधी आला होता, ग्राहक घरी उपलब्ध नव्हते.' दिवसभर ओसरीवर बसलेली माय, दोन माणसे, एक सूनबाई आणि दाराशी बांधलेली म्हैस, एवढे सगळे कोणालाच दिसले नाही.

हे दोनदा झाले. दोन दिवसांचा खाडा. वावरातल्या कामाचा खाडा कंपनीच्या हिशेबात धरला जात नाही, कारण आपला वेळ फुकटचा असा सगळ्यांचा समज आहे. कधीकधी आपलाही.

तिसऱ्या खेपेला खरेच माणसे आली. दिवस मावळला होता. मोटारसायकलवर दोन पोरे, मधे छत्री धरलेली. तालुक्याहून तीस-बत्तीस किलोमीटर, वाटेत तीन गावांत तीन छत्र्या बसवून आलेली. त्यांच्यावर आमचा राग नाही हे आधीच सांगतो. त्यातला एक दोन एकरवाल्या शेतकऱ्याचाच पोरगा निघाला. त्याला पगार नव्हता, छत्रीमागे पैसे मिळायचे. पेट्रोल त्याचे, मोटारसायकल त्याची. बसवलेल्या छत्रीचे पैसे मिळतात, चालू राहिलेल्या छत्रीचे वेगळे काही मिळत नाही. मग तो कशाची काळजी घेईल? जिथे खड्डा लवकर होईल तिथे त्याने खड्डा केला. कोठ्याच्या बाजूला, लिंबाच्या झाडाजवळ, अंगणातल्या काळ्या मातीत हात-दीड हात लोखंडी पाइप गाडला. वरून दोन घमेली गिट्टी-सिमेंट. मोबाइलच्या उजेडात छत्री फिरवली आणि वीस मिनिटांत चित्र आले. नातीने टाळ्या वाजवल्या.

"काकाजी, ओटीपी सांगा लवकर, अजून एक घर बाकी हाये."

आम्ही ओटीपी सांगितला. जास्तीच्या केबलचे ३०० आणि पेट्रोलचे २०० त्याने मागितले, तेही दिले. पावती मागितली तर म्हणाला, पावती मोबाइलवर येईल. आलेल्या पावतीत या ५०० रुपयांचा उल्लेख नव्हता.

कडुनिंबाला पालवी फुटली

आता तुम्ही सगळे शेतकरी आहात. फेब्रुवारीच्या शेवटी कडुनिंबाची काय दशा असते हे तुम्हाला सांगायला नको. पाने झडलेली, फांद्यांतून चांदणे दिसते. छत्रीची नजर त्या फांद्यांतून आरपार जात होती. पुढे पालवी फुटली. मार्चच्या मध्यापासून चित्राचे तुकडे पडू लागले. गुढीपाडव्याला ज्या झाडाचा पाला आपण तोंडात घालतो, त्याच झाडाने टीव्ही बंद पाडला. पण तेव्हा हे आम्हाला कळलेले नव्हते. २४ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली, आणि आता कोणी तालुक्याहून येण्याचा प्रश्नच उरला नाही.

फोन मात्र लागत होता. हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. वीस मिनिटे गाणे ऐका. मग एक बाई अतिशय गोड आवाजात सांगायच्या, "सर, डबा बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा." आम्ही केले. चित्र आले नाही. "आपली तक्रार नोंदवली आहे." संध्याकाळी संदेश, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' असे एप्रिलमध्ये चार वेळा, मे महिन्यात तीन वेळा झाले. गावात कोणी आले नाही, अंगणात कोणी आले नाही, आणि निवारण झाले! मुलाने चिडून विचारले, निवारण कोणी केले? उत्तर मिळाले की खाते चालू असेल तरच नवी तक्रार घेता येते, आधी रिचार्ज करा.

म्हणून रिचार्जही केला. तेव्हा नेटवर्कचे भाडे १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, असे महिन्याला १५३ रुपये ४० पैसे होत. मार्च ते जून चार महिन्यांचे ६१३ रुपये ६० पैसे आम्ही काळ्या पडद्याचे भरले. कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी एवढी ओरड? रक्कम लहान म्हणूनच तर कोणी ओरडत नाही. एका गावात अशी पाच घरे असतील, तर पाचही घरांत बोलणे एकच, "जाऊ द्या, कोण भांडत बसते."

जूनमध्ये पाऊस पडला आणि दुसरे दुखणे सुरू झाले. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. आपल्या घरांच्या भिंती दरवर्षी का तडकतात ते आपण जाणतो. कुंपणाचा खांब पहिल्या पावसानंतर कसा कलतो ते आपण पाहतो. हात-दीड हात खोल पुरलेला पाइप, वर वाऱ्याला आडवी छत्री. दुसऱ्या पावसानंतर पाइप बोटभर कलला. आमच्या डोळ्यांना तो सरळच दिसत होता. मुलाने ओळंबा लावला तेव्हा समजले.

१ जुलैला आषाढी होती. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या, हे तुम्हाला आठवत असेल. जन्मात कोणी पाहिले नाही ते घडत होते आणि ते पाहायचे असेल तर टीव्हीशिवाय दुसरी वाट नव्हती. शेजारच्या घरी म्हातारे माणूस, त्यांनी हात जोडून सांगितले की यंदा कोणी घरात येऊ नका. त्यांचेही बरोबर होते. माय पहाटे उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि बंद टीव्हीसमोर येऊन बसली.

"त्या डब्यात इठ्ठल कवा दिसन रे?"

आम्ही फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा.

तिने दिवसभर काही म्हटले नाही. संध्याकाळी उपास सोडला नाही, एवढेच.

छत्रीची जागा आणि विहिरीची जागा

आम्ही एवढी वर्षे तुमच्यासमोर उभे राहून सांगत आलो की आपल्या शहाणपणावर विश्वास ठेवा. आणि स्वतःच्या अंगणात पाइप कुठे गाडायचा हे मात्र वीस मिनिटांसाठी आलेल्या पोराला ठरवू दिले. विहिरीची जागा आपण असे कोणाला ठरवू देतो का? खळ्याची जागा देतो का? वारा कुठून येतो, पाणी कुठे साचते, कोणते झाड कधी पाने टाकते, वानरांची वाट कोणत्या पत्र्यावरून जाते, हे त्याला कसे ठाऊक असणार? ते आपल्याला ठाऊक होते. छत्रीला काय लागते एवढेच ठाऊक नव्हते, आणि ते शिकायला एक दुपार पुरते. आषाढीनंतर आम्ही ते शिकलो. मुलगा, शाळेतले गुरुजी आणि गावात मोटारीची वायरिंग करणारा एक पोरगा, अशी तिघांची मदत.

आम्ही काय केले ते सांगतो, तुमच्या कामी पडेल. खाजगी कंपनीचा नाद सोडला. छत्री विकत घेतल्याचे पावतीवर होते, म्हणजे ती आमचीच. तालुक्याच्या दुकानातून फ्री डिशचा डबा आणला आणि त्याच छत्रीचे तोंड फ्री डिशकडे फिरवायचे ठरवले.

फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. पृथ्वीच्या वेगानेच तो फिरतो म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखा असतो. यवतमाळकडून पाहिले तर त्याची दिशा आग्नेय. मोबाइलच्या होकायंत्रावर १४२ अंशांच्या आसपास. आणि उंची जमिनीपासून ६० अंश. म्हणजे छत्रीपासून आग्नेयेला दहा हातांवर असलेल्या झाडाचा शेंडा छत्रीच्या वर सतरा हातांपेक्षा जास्त गेला की ते आडवे आले. आमचा लिंब चार हातांवर होता. दुसऱ्या जिल्ह्यांत हे आकडे थोडे बदलतील, दिशा मात्र आग्नेयच राहील.

इथे सगळे फसतात ती गोष्ट सांगतो. छत्री समोर पाहते आहे असे दिसते, पण एलएनबी, म्हणजे दांड्याच्या टोकावरचा तो डोळा, मधोमध नसून खालच्या अंगाला असतो. त्यामुळे छत्री जिकडे तोंड करून बसलेली वाटते त्याच्यापेक्षा तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते. आपण समोरचे घर मोकळे पाहतो आणि डोक्यावरची फांदी विसरतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. पाइप मातीत नको, टिनपत्र्यावर नको. पत्रा वाऱ्याने थरथरतो आणि वानर त्यावर उडी मारते. एका अंशाची चूक झाली तर तिकडे उपग्रहाजवळ ती सहाशे किलोमीटरच्या वर जाते. आमच्या घराची मागची भिंत पक्क्या विटांची आहे, तिच्यात बोल्ट मारून आम्ही छत्री बसवली. सगळेच घर मातीचे असेल तर पाइप खोल पुरावा. काळ्या थराखाली मुरूम लागेपर्यंत खणायचे आणि खालून वरपर्यंत काँक्रीट भरायचे. बैलजोडी बांधायचा खुंटा आपण ज्या निगुतीने ठोकतो त्याच्या दुप्पट निगुतीने.

मग फिरवणे. गुरुजी टीव्हीसमोर, आम्ही खिडकीत, मुलगा शिडीवर. शाळेजवळच्या एका घरावर फ्री डिश चालू होती. आधी जाऊन तिचे तोंड पाहून आलो. हा सगळ्यात सोपा होकायंत्र. डब्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि एक गुणवत्तेची. ताकदीची पट्टी छत्री कुठेही तोंड करून असली तरी थोडीफार भरलेलीच दिसते. तिच्या भरवशावर आम्ही पहिला तास वाया घालवला. पाहायची ती गुणवत्तेची पट्टी. आणि घाई करायची नाही. डब्याला सिग्नल ओळखायला काही सेकंद लागतात. मुलगा सरसर फिरवायचा आणि आमचा आवाज पोचेपर्यंत जागा निघून जायची. शेवटी गुरुजींनी नियम घातला. बोटभर सरकवा, दहा आकडे मोजा, मग पुढचे बोट. दुपारी साडेतीनला पट्टी उठली. नट आवळताना पुन्हा पडली, कारण एकाच बाजूचा नट पूर्ण आवळला की छत्री ओढली जाते. आलटून पालटून थोडे थोडे आवळावे. बैलगाडीचे चाक बसवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

केबल कमी पडली म्हणून जोड द्यावा लागला, तेव्हा वायरिंगवाल्या पोराने जोड छपराखाली कोरड्यात घेतला. उघड्यावरच्या जोडात पाणी शिरते आणि केबल आतून सडते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून चालत आत न येता झोळाच्या तळाशी टपकून जाते.

यानंतरही कधी चित्र गेले तर लगेच शिडी काढू नका. धो-धो पाऊस कोसळत असताना सिग्नल जातोच, ढग सरले की येतो. आणि मार्चच्या पूर्वार्धात व ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. चित्र काही मिनिटे बिघडते आणि आपोआप सुधारते. त्या वेळी माणूस बोलावला तर तो नुसता उभा राहून २०० रुपये घेऊन जाईल.

२० जुलै २०२० ला सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाले, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. शाळा बंद होत्या. आमच्या घरात एक मोबाइल, आणि तो मुलासोबत वावरात. नात त्या दिवशी वही घेऊन टीव्हीसमोर बसली आणि तिच्याबरोबर आसपासची आणखी चार पोरे, अंतर ठेवून, ओसरीवर. फ्री डिशवर सगळे दिसते असे नाही, पैसे घेणाऱ्या पुष्कळ वाहिन्या त्यावर नाहीत. मुलाची त्याबद्दल तक्रार आहे. नातीची नव्हती.

मायने त्या वर्षीची कार्तिकी टीव्हीवर पाहिली. पुढची आषाढी पाहायला ती राहिली नाही.

ओटीपी शेवटी

ज्यांना खाजगी सेवाच हवी त्यांनी जरूर घ्यावी, पैसा तुमचा आहे. पण काही गोष्टी कराव्यात. एकट्याने मागणी नोंदवू नका. गावातल्या आठ-दहा घरांनी एकच तारीख मागा. तालुक्याच्या पोराला एका दिवसाचे पुरते काम मिळाले तर तो उजेडात येतो आणि घाई करत नाही. आम्ही पुढच्या वर्षी गावात असे केले, तोच पोरगा सकाळी आठला हजर होता. जागा आधी ठरवून ठेवा, विटांची भिंत आणि आग्नेयेला मोकळे आभाळ. आणि ओटीपी शेवटी द्या. ओटीपी म्हणजे आपला अंगठा आहे. टीव्ही चालला, वाहिन्या दिसल्या, नट आवळून झाले, जास्तीच्या केबलचे पैसे पावतीवर लिहिले गेले, त्यानंतरच तो सांगायचा. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देण्याची खोड आपल्या आज्यांनी मोठी किंमत देऊन सोडली. आपण ती मोबाइलवर पुन्हा लावून घेऊ नये.

पैशांचे म्हणाल तर २०१७ च्या ट्रायच्या नियमांत छत्री बसवण्याचे ३५० रुपयांच्या वर घेऊ नयेत अशी मर्यादा होती. २०२४ मध्ये ती मर्यादा उठवली. मात्र आपले दर कंपनीने जाहीर केले पाहिजेत असे ठरले. तेव्हा आधी दर विचारा आणि लिहून घ्या. आम्ही काही सरकारने सगळ्या गोष्टींचे भाव बांधावेत असे म्हणणाऱ्यांपैकी नाही. पण भाव खुला ठेवायचा तर तो ग्राहकाला आधी कळला पाहिजे. तो संध्याकाळी, अंधारात, छत्री बसून झाल्यावर सांगायचा नसतो.

आणि निवारण न होता निवारण झाल्याचा संदेश आला, तर तो पुसून टाकू नका. तोच पुरावा आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा नवा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय आहे, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही आमचे ६१३ रुपये ६० पैसे मागितले नाहीत. कपाशीत डवरणी आली, मग फवारणी आली, आणि राहून गेले. ती आमची चूक होती हे तुमच्यासमोर कबूल करतो.

बैठक संपल्यावर आम्ही दारापाशीच्या बाकावर बसणार आहोत. ज्यांच्या घरी छत्री आहे आणि टीव्ही काळा आहे, त्यांनी पाच मिनिटे थांबावे. कोणत्या तारखेपासून बंद आहे, किती रिचार्ज भरले आणि आग्नेयेला कोणते झाड आहे, एवढे तिन्ही सांगावे. आम्ही वहीत लिहून घेतो. ज्यांचे आंब्याचे किंवा चिंचेचे झाड असेल त्यांनी छत्री हलवायची तयारी ठेवूनच यावे. झाड तोडायचा सल्ला आम्ही देणार नाही.